सिंक तुंबलं की आधी पाणी कुठं अडलंय ते शोधा

"ताई, सिंक गुळण्या करतंय," असं भांड्यांच्या मावशी म्हणाल्या तेव्हा मी "बघू" म्हणून सोडून दिलं. पाणी जात तर होतं. चारच दिवसांनी, घरात सहा पाहुणे आणि ओट्यावर पुरणाची भांडी असताना, सिंक काठोकाठ भरून बसलं. मग बहुतेक घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. आधी उकळतं पाणी ओतलं, मग पाईप मोकळा करायच्या पावडरचं एक पाकीट, मग दुसरं, आणि शेवटी प्लंबरला फोन. त्याने ओट्याखाली वाकून पाहिलं, पांढरा पाईप हाताने वर उचलून धरला आणि पाणी भसकन निघून गेलं. पाईप मधेच झोळीसारखा लोंबत होता. माझ्या उकळत्या पाण्याने तो आणखी मऊ पडून जास्तच लोंबला असणार.

तेव्हापासून काहीही ओतायच्या आधी पाणी नेमकं कुठं अडलंय ते मी शोधते. जाळीतल्या भाताला जो उपाय लागतो तो भिंतीतल्या तुपाच्या थराला लागू पडत नाही, आणि तळमजल्यावरचा ड्रेनेजचा चेंबर भरला असेल तर तुमच्या ओट्याखाली कितीही खटपट केली तरी उपयोग शून्य.

पाण्याची वाट

एकदा टॉर्च घेऊन सिंकखाली नीट पाहा. सिंकच्या भोकात बसवलेला स्टीलचा भाग म्हणजे कपलिंग, त्याच्यावर जाळी. कपलिंगच्या खालच्या आट्यांवर प्लॅस्टिकची चाकी फिरवून वेस्ट पाईप लावलेला असतो. बहुतेक घरांत तो वळ्यावळ्यांचा, वाकवाल तसा वाकणारा, ३२ किंवा ४० मिमीचा असतो. काही घरांत मधे बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीसारखा भाग, असतो. त्याच्या तळात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि त्या पाण्यामुळे गटाराचा वास नि झुरळं वर येत नाहीत. पुढे हा पाईप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या ५० किंवा ७५ मिमीच्या पीव्हीसी पाईपात शिरतो. पुण्याकडच्या फ्लॅटांत ही लाइन बऱ्याचदा ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याला, मिळते आणि तिथून डक्टमधल्या उभ्या पाईपाला. उभा पाईप खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे इमारतीबाहेरच्या जाळीच्या ट्रॅपमध्ये, उतरतो, मग चेंबर, मग महापालिकेचं ड्रेनेज किंवा सेप्टिक टँक.

पाणी अडण्याच्या जागा यातच आल्या: जाळी आणि कपलिंग, ओट्याखालचा पाईप किंवा ट्रॅप, भिंतीतला आडवा पाईप, नहाणी ट्रॅप आणि इमारतीची सामाईक लाइन. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त वेळा दोष ओट्याखालीच निघाला, म्हणजे जिथं आपल्याला स्वतः हात घालता येतो तिथं.

जुन्या घरांतल्या मोरीला हे दुखणं कमी होतं. भांडी राखेने घासली जायची, पाणी सरळ उताराने परसात अळवाच्या नि केळीच्या बुडाशी जायचं. गाळ तिथंही साठायचाच, पण डोळ्यांसमोर, आणि खराट्याने लोटला की काम झालं.

निदान: काही न उघडता

पहिली गोष्ट, घरात इतर ठिकाणी काय चाललंय ते बघा. सिंकमध्ये नळ सोडल्यावर बाल्कनीतल्या जाळीतून पाणी वर येतं का? वॉशिंग मशीन पाणी फेकतं तेव्हा सिंकमध्ये फेस दिसतो का? असं होत असेल तर अडथळा दोन्ही लाइन एकत्र आल्यानंतर, पुढे कुठेतरी आहे. ओट्याखालचं उघडून काही हाती लागणार नाही. तुम्ही नळ बंद ठेवलेला असताना, वरच्या मजल्यावर कोणी पाणी वापरलं की तुमच्या सिंकमधून खरकटं पाणी वर येत असेल, तर सामाईक उभी लाइन किंवा खालचा चेंबर तुंबला आहे. हे बहुधा पहिल्या मजल्यावरच्या लोकांच्या नशिबी येतं. अशा वेळी काही ओतू नका, सेक्रेटरींना फोन करा.

दुसरी गोष्ट म्हणजे मावशींच्या गुळण्या. पाणी जाताना गुडगुड आवाज येतो, कारण पाईपातली हवा बाहेर पडायला जागा शोधत पाण्यातूनच वर येते. पाईपाचा आतला व्यास कमी झाल्याची ही पहिली खूण, आणि ती तुंबण्याच्या बऱ्याच आधी मिळते. गुडगुड ऐकू आली त्याच आठवड्यात ट्रॅप साफ केला तर पुढचं सगळं टळतं. आवाज अचानक सुरू झाला आणि वरखालच्या शेजाऱ्यांकडेही येत असेल, तर गच्चीवर उभ्या पाईपाचं तोंड कशाने बंद झालंय का ते बघायला सांगा. कबुतरांची घरटी त्यात निघालेली मी पाहिली आहेत.

तिसरी तपासणी माझ्या आवडीची, कारण तिच्यात थोडं गणित आहे. सिंक पूर्ण तुंबलेलं नसेल, नुसतं हळू जात असेल, तेव्हाच ती जमते. रात्री सिंक वापरायचं थांबवा, म्हणजे पाईप रिकामा होतो. सकाळी तांब्याने किंवा मापाच्या भांड्याने भराभर पाणी ओता आणि किती लिटरनंतर पाणी सिंकमध्ये चढायला लागतं ते मोजा. ४० मिमीच्या पाईपात मीटरला साधारण १ लिटर पाणी मावतं, ५० मिमीच्या पाईपात दीड ते २ लिटर. पहिल्याच अर्ध्या लिटरला पाणी चढलं तर अडथळा जाळीत, ट्रॅपमध्ये किंवा वेस्ट पाईपात आहे. चार-पाच लिटर सहज गेलं आणि मग चढलं, तर तो दोन-तीन मीटर पुढे, भिंतीत किंवा जमिनीत आहे. मधल्या काळात थोडं पाणी झिरपत असतंच, म्हणून हे माप अंदाजाचंच धरा. पण प्लंबरला "पाणी जात नाही" यापेक्षा "चार लिटरनंतर चढतं" असं सांगितलं की तो पाईपात घालायची लांब स्प्रिंग बरोबर घेऊन येतो.

जाळी, कपलिंग आणि रबरी पंप

जाळीवर वेळ घालवण्यासारखं काही नाही. वरची उचलायची जाळी काढा, खालच्या पक्क्या जाळीत अडकलेले भाताचे दाणे, कढीपत्त्याच्या काड्या, स्टीलच्या घासणीचे तुटलेले तार चिमट्याने ओढून काढा. हे तार वाईट. एक तार पाईपाच्या वळीत अडकला की पुढून येणारं सगळं त्याच्याभोवती गुंडाळलं जातं.

इतकं करून भागलं नाही तर पंप. हार्डवेअरच्या दुकानात "सिंकचा पंप" म्हटलं तरी प्लंजर देतात. लाकडी दांड्याचा, काळ्या रबराच्या वाटीचा साधा पंप पुरतो. मात्र संडासचा वेगळा ठेवा, हे सांगायची वेळ येऊ नये. सिंकमध्ये वाटी बुडेल इतकं, दोन-तीन इंच पाणी हवं. पाणी नसेल तर तुम्ही नुसती हवा दाबत बसता. सिंकच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवा. सिंक दोन भांड्यांचं असेल तर दुसऱ्याचं तोंडही बंद करा. हे केलं नाही तर सगळा जोर तिकडून निघून जातो आणि "पंपाने काही होत नाही" असा समज होतो.

वाटी भोकावर बसवून पहिला दाब हळू द्या, म्हणजे आतली हवा निघते. मग वाटी न उचलता पंधरा-वीस वेळा वरखाली करा आणि शेवटचा झटका वर ओढून द्या. ओढण्याचं काम दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे; गोळा हलतो तो मागेपुढे झाल्याने. तीन फेऱ्यांत फरक पडला नाही तर थांबा. ओट्याखालचे सांधे फक्त चाकी आणि रबरावर बसलेले असतात, जास्त जोर लावलात तर सांधा सुटून सगळं पाणी कपाटातल्या डाळींच्या डब्यांवर येतं. आणि सिंकमध्ये आधी पावडर टाकलेली असेल तर पंप अजिबात मारू नका. ते पाणी डोळ्यांत उडू शकतं.

ओट्याखालचं उघडायचं कसं

या कामाला लोक उगाच घाबरतात. जुने कपडे, रबरी हातमोजे, बादली, फडकी, जुना टूथब्रश, टॉर्च आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

कपाट रिकामं करा. मग आरओचं बटण बंद करा आणि त्याचा पाण्याचा कॉकही. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुष्कळ घरांत आरओचं वाया जाणारं पाणी बारीक नळीने सिंकमध्ये किंवा थेट वेस्ट पाईपात सोडलेलं असतं. तुम्ही सिंकचा नळ बंद करून पाईप काढता आणि आरओ वरून शांतपणे पाणी सोडत राहतो. डिशवॉशर असेल तर तोही बंद.

आता मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, कोणती चाकी कुठं आणि कोणतं रबर कोणत्या बाजूला ते दिसेल असे. सिंकमधलं साठलेलं पाणी मगाने उपसून बादलीत घ्या, ती बादली बाथरूममध्ये रिकामी करून पाईपाखाली ठेवा. चाकी हाताने डावीकडे फिरवा. खालून वर बघत असल्यामुळे डावं-उजवं गोंधळात टाकतं. बाटलीचं झाकण उघडल्यासारखं फिरवायचं, पण बाटली उलटी धरली आहे असं समजून. चाकी हलत नसेल तर तिच्याभोवती फडकं गुंडाळून पान्याने हलकेच सैल करा. नुसता पाना लावला तर जुनं प्लॅस्टिक तडकतं.

बॉटल ट्रॅप असेल तर खालची वाटी फिरवून काढा. आत काळपट, मेणासारखा गोळा निघेल आणि वास असा येईल की घरातली मंडळी हॉलमध्ये पळतील. तो गोळा कागदावर घेऊन कोरड्या कचऱ्यासारखा गुंडाळून टाका. वळ्यांचा पाईप असेल तर तो दोन्ही टोकांनी सोडवा, बाल्कनीत नेऊन एका टोकातून पाणी सोडा, पाईप हाताने मागेपुढे दाबा. वळ्यांमधला थर सुटत जातो. थर कडक झाला असेल तर धुवत बसू नका, नवीन पाईप आणा, शे-दोनशे रुपयांची गोष्ट आहे. मी तर म्हणेन, शक्य असेल तिथं वळ्यांचा पाईप काढून आतून गुळगुळीत असलेला पाईप आणि बॉटल ट्रॅप बसवून घ्या. वळी म्हणजे तुपाला बसायला केलेली आसनंच.

आता एक वेडेपणा, जो मी स्वतः केला आहे. ट्रॅप हातात, खाली बादली भरलेली, आणि मी ती घाण पाण्याची बादली सवयीने उचलून सिंकमध्ये ओतली. सिंकखाली पाईप नव्हता. पुढचं सांगत नाही.

पाईप काढल्यावर भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या तोंडात टॉर्च मारा. तिथं हमखास सापडणारी एक चूक म्हणजे वेस्ट पाईप आत जरुरीपेक्षा जास्त खोल खुपसलेला असतो. त्याचं टोक समोरच्या कोपराला टेकतं आणि पाण्याला बोटभरच जागा उरते. कितीही साफ करा, महिन्याने पुन्हा तुंबतं. असं असेल तर पाईप तेवढा कापून लहान करा. आत दीड-दोन इंच गेला तरी पुरे. पाईप मधे लोंबणार नाही, सतत उताराला राहील इतकीच लांबी ठेवा. तोंड आणि पाईप यांच्यात उरलेल्या फटीसाठी रबरी रिंग मिळते. ती बसवली की झुरळांची आणि वासाची तक्रारही जाते, विशेषतः जिथं ट्रॅप नाही तिथं.

परत जोडताना रबराची दिशा सांभाळा. एका बाजूने निमुळतं असलेलं रबर निमुळती बाजू सांध्याच्या आत जाईल असं बसतं; उलटं बसवलं तर चाकी कितीही आवळा, टपटप चालूच राहते. रबर कडक झालं असेल तर नवीन घ्या, जुनं सोबत न्या म्हणजे माप चुकत नाही. चाकी आधी हाताने सरळ बसवा, आटे तिरपे धरू देऊ नका, हाताने घट्ट झाली की पाव फेरा पुरे.

भिंतीतला अडथळा: स्प्रिंग

ओट्याखालचं साफ आहे, तरी पाणी चढतंय, तर पुढच्या पाईपात स्प्रिंग घालावी लागेल. हार्डवेअरवाल्याकडे तीन किंवा पाच मीटरची ड्रेन स्प्रिंग मिळते, एका टोकाला फिरवायला दांडा असलेली. पडद्याची जुनी स्प्रिंग आकडा करून वापरणारे लोकही आहेत, पण ती एका कोपराच्या पुढे जात नाही.

स्प्रिंग सिंकच्या जाळीतून घालायची नसते. पाईप काढून भिंतीच्या तोंडातून घाला. एका हाताने पुढे सरकवा, दुसऱ्याने दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडली की ढकलू नका, फिरवा. कोपरात ती जरा घुटमळते आणि मग सुटते. गोळ्यात शिरली की हात जड लागतो, चिखलात काठी घातल्यासारखा. तिथं दहा-बारा फेरे देऊन बाहेर ओढा, टोकाला आलेला चिकटा फडक्याने पुसा, पुन्हा घाला. एका भोकाने पाणी जायला लागलं म्हणून थांबलात तर आठवड्याने पुन्हा तेच. थर सगळीकडून निघेपर्यंत चार-पाच वेळा घालावी लागते. नंतर लगेच गरम पाणी सोडून सुटलेला गाळ पुढे लोटा.

इमारत जुनी असेल, पाईप बिडाचे असतील, तर स्प्रिंग जपून. गंजून पातळ झालेल्या बिडाला भोक पडतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. तिथं अनुभवी माणूसच बोलवा.

ड्राय बाल्कनीतला नहाणी ट्रॅप मात्र घरच्या घरी साफ होतो आणि तोच लोक विसरतात. जाळी उचला, आतला प्लॅस्टिकचा कप फिरवून किंवा ओढून काढा. खाली केस, कपड्यांचे धागे, साबणाचा लगदा असतो, हाताने काढा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर हा लगदा खडूसारखा टणक होतो, कारण पाण्यातल्या कॅल्शियमचं आणि साबणाचं न विरघळणारं संयुग तयार होतं. कप परत बसवायला विसरू नका. तो नसला की पाण्याचा अडसर जातो आणि वास घरभर पसरतो.

पावडर, ॲसिड, सोडा-व्हिनेगर

आता ज्याबद्दल सगळे आधी विचारतात ते. दुकानात मिळणाऱ्या पावडरमध्ये मुख्य घटक कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की तो चांगलाच तापतो आणि तुपातेलाचा साबण करतो, म्हणून नुसत्या चिकट थरावर काम करतो. भात, चहाचा चोथा, नारळाचा चव, घासणीचे तार यांच्यावर त्याचं फारसं चालत नाही. सिंक काठोकाठ भरलेलं असताना ती टाकण्यात अर्थ नाही, कारण वरच्या पाण्यातच विरते. कधी तर तळाशी तिचाच दगड होतो. पाणी हळू का होईना जात असेल तेव्हा, रात्री, पाकिटावर लिहिलेल्या मापाने आणि वेळेने टाका. वर गरम पाणी ओतू नका, उसळी मारतं. ॲल्युमिनियमची कढई, कुकर आधी बाजूला काढा. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा घाला. डोळ्यांत गेलीच तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. पावडर टाकल्यानंतरही प्लंबरला बोलवावं लागलं तर त्याला ते सांगा. पाईप उघडणारा हात त्याचा असतो.

बाथरूमचं ॲसिड किचन सिंकमध्ये नको म्हणजे नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं, ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर त्यावर उडालेला थेंब कायमचा डाग करतो, कारण कडप्पा म्हणजे चुनखडकच. आणि पावडर टाकलेल्या पाईपात ॲसिड ओतणं म्हणजे सगळं तोंडावर उसळून घेणं. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं तर क्लोरिन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात हा खेळ जिवावर बेतू शकतो.

खायचा सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो, व्हिडिओत तर फारच छान दिसतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. वासासाठी करायचं तर करा. घट्ट गोळा त्याने हललेला मी अजून पाहिला नाही.

उकळत्या पाण्याचं माझं प्रायश्चित्त वर सांगितलंच. पीव्हीसी ७५–८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणून भाताची पेज किंवा शेवयांचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओतू नका, आधी नळाचं गार पाणी मिसळा. अंघोळीला काढतो त्याहून थोडं जास्त गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, एवढं पाईपाला पचतं.

तुमच्या घराबाहेर अडलं असेल तर

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात येते, फ्लॅटच्या आतली सभासदाच्या. त्यामुळे उभी लाइन तुंबल्याची खूण दिसली की वरखालच्या दोन शेजाऱ्यांना विचारून, सगळ्यांच्या वतीने एकच लेखी तक्रार द्या. फोनवरची तक्रार रविवारच्या मीटिंगपर्यंत विरून जाते.

बंगला किंवा रो हाऊस असेल तर स्वयंपाकघराच्या बाहेरचा गली ट्रॅप आधी बघा. जाळी काढली की पाण्यावर पांढुरकं-पिवळं तुपाचं झाकण तरंगताना दिसतं. झाऱ्याने ते काढा, तळाचा गाळ काढा, वरून दोन बादल्या पाणी जोरात ओता. वर्षातून दोनदा, त्यातली एक पावसाळ्याच्या तोंडावर, एवढं केलं तरी पुष्कळ.

चेंबरचं झाकण उघडलं तर वरून, लांबूनच पाहा. कोणालाही आत उतरवू नका, "दोन मिनिटांचं काम आहे" असं तो स्वतः म्हणत असला तरी. चेंबरमधल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस ओरडायच्या आधी बेशुद्ध पडतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. बांबूच्या कामट्या वरून चालवता येतात, नाहीतर जोराच्या पाण्याने लाइन साफ करणारा जेटिंग मशीनवाला बोलवा.

पाईपात काय जातं

आपल्या स्वयंपाकघरातला मुख्य आरोपी तूप. डिसेंबरात डब्यातलं तूप थिजतं, खोबरेल तेलाची बाटली २४ अंशांखाली घट्ट होते. पाईप तर डब्याहून गार असतो. गरम पाण्यात पातळ होऊन गेलेलं तूप दोन मीटर पुढे जाऊन थिजतं, त्यावर कणीक, बेसन, पेज, चहाचा चोथा बसत जातो. म्हणूनच दिवाळीच्या फराळानंतर आणि थंडीच्या महिन्यांत प्लंबर सापडत नाही.

कढईतलं तळणीचं तेल गार करून जुन्या बाटलीत भरा. तुपाची, लोण्याची, सायीची भांडी घासण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदाने पुसा. कणकेची परात लगेच पाण्यात भिजवू नका. वाळू द्या, मग खरवडा, कण केरात. चहाचा चोथा पाण्याने धुऊन कुंडीत टाका. मासळी घरात होत असेल तर खवले सिंकमध्ये काढू नका, कागदावर काढा. एकमेकांवर चिकटून ते कौलांसारखे बसतात. आणि मावशींना हे सगळं "असं करा" म्हणून फर्मावण्याऐवजी सिंकशेजारी कागद आणि खरकट्याचं भांडं ठेवून द्या. ठेवलेली वस्तू वापरली जाते.

आठवड्यातून एकदा सिंकचं तोंड बंद करून ते गरम, लिक्विड घातलेल्या पाण्याने निम्मं भरा आणि एकदम सोडा. नळाची धार पाईपाच्या तळाने सरपटत जाते. सिंकभर पाणी एकदम गेलं की पाईप पूर्ण भरून वाहतो आणि कडेचा ताजा थर सोबत नेतो.

प्लंबर आला तर

फोनवर तीन गोष्टी सांगा: बाल्कनीतून पाणी वर येतं की नाही, किती पाण्यानंतर चढतं, आणि काय काय ओतून झालंय. पैसे आधी ठरवा, स्प्रिंग मारायचे वेगळे आणि पाईप बदलायचे वेगळे. काम झाल्यावर तो नळाची बारीक धार सोडून "बघा, जातंय" म्हणेल. तेवढ्यावर मानू नका. सिंक काठोकाठ भरून घ्या, एकदम सोडा, गुडगुड ऐका. मग ओट्याखाली वाकून प्रत्येक चाकीखाली कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला नाही की मग पाकीट काढा.